जहाजाची प्रतिकृती आणि किनाऱ्यावरची जुनी होडी : आधी मापं, मग लाकूड

जहाजांच्या प्रतिकृतींबद्दल लोक जे विचारतात त्यात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला शहरातून येतो : "मराठ्यांच्या आरमारातलं गुराब लाकडात करायचं आहे, नकाशा कुठे मिळेल?" दुसरा कोकणातून : "आजोबांचा मचवा किनाऱ्यावर शाकारून ठेवलाय. काही वर्षं पाण्यात गेलेला नाही. विकायला मन होत नाही, ठेवायला जागा नाही. काय करू?" एकाला नसलेलं जहाज उभं करायचं आहे आणि दुसऱ्याला असलेलं वाचवायचं आहे. तरी दोघांचीही वाट मापांच्या वहीपासून सुरू होते. ती वही नसेल तर प्रतिकृती फक्त शोभेची होते, आणि होडी मोडल्यावर तिच्याबद्दलचं सगळं ज्ञान तिच्याबरोबरच जातं. म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

पहिलं जहाज कोणतं निवडावं

मनात गुराब असलं तरी पहिली प्रतिकृती गुराबाची करू नका. गुराबाबद्दल आपल्याला वर्णनं बऱ्यापैकी माहीत आहेत : दोन किंवा तीन डोलकाठ्या, साधारण दीडशे ते तीनशे टन भार, उथळ पाण्यात चालणारा तळ, पुढे लांब निमुळती नाळ आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन जड तोफा. सोबतचं गलबत त्याहून लहान, बहुधा सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारं. पण वर्णन वाचून छेद काढता येत नाही. आपल्याकडचे मिस्त्री कागदावर आराखडा काढून जहाज बांधत नसत, ते डोळ्यानं आणि हातानं बांधत. त्यामुळे गुराबाचा तळ नेमका किती गोल होता, फळ्या कशा बसवल्या होत्या, हे प्रतिकृती करणाऱ्याला तर्कानं ठरवावं लागतं. आणि तर्क करायला हात आधी सरावलेला लागतो.

ज्यांना पुढे गुराबाकडे जायचंच आहे त्यांनी तीन प्रकारचे पुरावे शेजारी-शेजारी ठेवावेत. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेलं आहे. ते मराठा आरमाराच्या फार आधीचं आहे, पण किनाऱ्यावरची परंपरा त्यातून दिसते. १७५६ च्या विजयदुर्गच्या लढाईची युरोपीय चित्रकारांनी काढलेली चित्रं आहेत. ती बरीच नंतर आणि प्रसंग न पाहता काढलेली असल्यानं त्यांतल्या तपशिलावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तिसरा पुरावा म्हणजे आजही किनाऱ्यावर दिसणाऱ्या लाकडी नौका. या तिन्हींतून जे घ्याल ते वहीत वेगळं लिहा : काय पाहिलं, काय वाचलं, काय अंदाजानं धरलं.

असं काम प्रामाणिकपणे कसं करता येतं याचं अलीकडचं उदाहरण नौदलाच्या 'कौंडिण्य' या शिवलेल्या जहाजाचं आहे. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून ते गोव्यात बांधलं गेलं. फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीनं शिवल्या. चित्रात फक्त एक बाजू दिसते, म्हणून पाण्यातल्या वागणुकीचा अंदाज घेण्यासाठी आयआयटी मद्रासमध्ये आधी लहान प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या. प्रतिकृतीनं मोठ्या जहाजाला वाट दाखवली.

पहिल्या कामासाठी दोन चांगले पर्याय आहेत.

- हात लावता येईल अशी होडी. तुमच्या गावची मचव्यासारखी नौका, उलांडी लावलेली छोटी होडी किंवा रापणीची शिवलेली होडी. शंका आली की जाऊन मोजता येतं. ही सोय दुसऱ्या कुठल्याही जहाजाला नाही.
- ज्याचे आराखडे पूर्ण उपलब्ध आहेत असं जहाज. यात माझी शिफारस 'ट्रिंकोमाली'ची.

'ट्रिंकोमाली' मुंबईची आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागात ती बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. नेपोलियनबरोबरच्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओकचं लाकूड कमी पडलं होतं, म्हणून हे काम इथे आलं. तिचा आकार 'लेडा' वर्गाचा, आणि तो मुळात १७८२ मध्ये पकडलेल्या 'हेबे' या फ्रेंच जहाजावरून घेतलेला. तिचे पहिले आराखडे 'जावा' या जहाजाबरोबर मुंबईला निघाले होते. १८१२ मध्ये ते जहाज अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेलं, आराखडेही गेले आणि नवे पाठवावे लागले. आज 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभी आहे आणि पाहता येते. तिच्याच वर्गातलं १८२४ चं 'युनिकॉर्न' स्कॉटलंडमध्ये डंडीला आहे. त्यावर डोलकाठ्या कधी चढल्याच नाहीत, वर छप्पर घालून ते ठेवलं गेलं. या वर्गाचे इंग्लिश नौदलाचे आराखडे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या प्रती पैसे भरून मागवता येतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी ही दोन्ही जहाजं पाहूनच कामाला बसावं. फोटोंतून न कळणाऱ्या कितीतरी गोष्टी डेकवर उभं राहिल्यावर दोन मिनिटांत कळतात.

प्रमाण ठरवताना होणाऱ्या चुका

प्रमाण घराच्या भिंतीवर ठरतं, हे आधी मान्य करा. 'ट्रिंकोमाली'चा तोफांचा मजला सुमारे दीडशे फूट लांब आहे. १:४८ प्रमाणात, म्हणजे एका फुटाला पाव इंच धरलं, तर तो मजलाच तीन फुटांहून थोडा जास्त होतो. नाळेपुढची तिरपी काठी आणि मागचा भाग धरून लांबी बरीच वाढते, आणि डोलकाठ्यांमुळे उंचीही. १:९६ मध्ये तोच मजला दीड फुटाच्या आसपास येतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे प्रमाण सोसतं, पण त्यात बारीक काम डोळ्यांना जड जातं. होडी करणार असाल तर १:१० किंवा १:१२ घ्या. मचव्यासारख्या नौकेचे खिळे आणि सांधे दाखवायला तेवढा आकार लागतोच.

बहुतेक सगळे फसतात ते दोरांच्या जाडीत. जुन्या इंग्रजी कागदांत दोराचं माप परिघात दिलेलं असतं, व्यासात नाही. नांगराचा दोर अठरा इंची लिहिला असेल तर त्याची जाडी अठरा भागिले ३.१४, म्हणजे पावणेसहा इंचांच्या आसपास. १:४८ ला तो तीन मिलिमीटरचा दोरा होतो. परिघालाच जाडी समजलात तर साडेनऊ मिलिमीटरचं दोरखंड लावाल आणि सगळं जहाज खेळण्यातलं दिसेल.

प्रमाणाचा तक्ता कामाच्या टेबलासमोर लावा : खरं माप, प्रमाणातलं माप, तुम्ही प्रत्यक्ष वापरलेलं माप. तिसरा रकाना टाळू नका.

किट घ्यावं की स्वतः रचावं

प्लॅस्टिकची किट युद्धनौकांसाठी बहुधा १:३५० किंवा १:७०० प्रमाणात मिळतात. रंगकाम आणि स्वच्छ जोडणी शिकायला ती उत्तम. लाकडी किट मुख्यतः स्पेन आणि इटलीतून येतात. त्यात पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, आणि आडवे साचे कापून दिलेले असतात, त्यावर पट्ट्या बसवायच्या. पहिल्या लाकडी कामाला एक डोलकाठीचं छोटं किट घेणं शहाणपणाचं आहे. पहिल्याच वेळी शंभर तोफांचं जहाज मागवणाऱ्यांची खोकी वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहतात.

मागवण्यापूर्वी :

- कस्टम शुल्क आणि कुरियरचा हाताळणी खर्च लेखी विचारा. हे दोन्ही मिळून किटच्या किमतीत मोठी भर घालू शकतात.
- खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि भागांची यादी लगेच तपासा.
- 'ऐतिहासिक अचूक' या जाहिरातीवर जाऊ नका. किटमधली कित्येक जहाजं अंदाजानं आखलेली असतात. मूळ आराखडा कुठला, हे माहितीपत्रकात लिहिलं आहे का ते पाहा.

भाग कमी निघाले, तुटके निघाले किंवा भलतंच किट आलं तर विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा. ऑनलाइन विक्रेत्यालाही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क भरावं लागत नाही. परदेशी दुकानाविरुद्ध हे सगळं कठीण जातं, त्यामुळे पहिलं किट शक्यतो भारतातल्या विक्रेत्याकडून घ्या.

लाकूड, गोंद, दोरा

खरं जहाज सागाचं होतं म्हणून प्रतिकृतीही सागाची करावी, असं अनेकांना वाटतं. तसं करू नका. सागाचे रेषे ठळक असतात. पट्टी पाच मिलिमीटरची झाली की ते रेषे फळीएवढे दिसतात, आणि पात्यांची धारही लवकर जाते. बारीक रेषांचं लाकूड शोधा. हळदू कोरीवकामाला आणि पट्ट्यांना छान, रंगही उबदार पिवळसर. शिवण हलकं, कमी पिळणारं, आतल्या साच्यांना चांगलं. बाल्सा विमानांच्या मॉडेलच्या दुकानात मिळतं. ते आत भरायला ठीक, पण बाहेरून नखाचाही वण उठतो. कुठलंही लाकूड आणलं की पूर्ण वाळलेलं आहे का विचारा आणि तरीही काही महिने घरातच ठेवा.

लाकडी खुंट्यांसाठी स्वयंपाकघरातल्या बांबूच्या काड्यांसारखं दुसरं काही नाही. धातूच्या पट्टीत घटत्या आकाराची भोकं पाडा आणि त्यांतून काडी एकामागून एक ओढत न्या, म्हणजे ती हवी तेवढी बारीक होते.

गोंदाबाबत माझं मत ठाम आहे. लाकडाला लाकूड जोडायला फेविकॉलसारखा पांढरा गोंदच वापरा. तो वाळायला वेळ घेतो, पण चूक झाली तर ओलावा देऊन सोडवता येतो. फेविक्विकसारखा झटपट गोंद काही ठिकाणी सोयीचा वाटतो. मात्र तो आजूबाजूला पांढरट डाग सोडतो आणि वर्षांनी ठिसूळ होतो. धातू लाकडाला लावायचा असेल तिथे दोन भाग मिसळण्याचा एपॉक्सी घ्या.

दोरा सुती घेतला तर पावसाळ्यात ताणतो आणि उन्हाळ्यात सैल पडतो. मुंबई-कोकणात पॉलिएस्टरचा दोरा जास्त टिकतो. त्याची चमक मारायला हलकं मेण पुरतं, जास्त लावलं तर धूळ चिकटते. डोलकाठ्यांचे ताण बांधण्याचं काम ऑक्टोबरनंतर करा. जुलैत बांधलेला ताण डिसेंबरमध्ये लोंबताना दिसेल.

शिशाचे सुटे भाग मुळीच वापरू नका. याचं कारण काचपेटीच्या भागात येईल.

बांधणीचा क्रम

हत्यारं थोडी लागतात : पाती बदलता येणारी सुरी, बारीक करवत, चिमटे, हातानं फिरवायचं ड्रिल, वर्नियर कॅलिपर, १२० ते ४०० नंबरचा सँडपेपर, आणि कपड्यांचे भरपूर चिमटे. विजेची यंत्रं दुसऱ्या जहाजाच्या वेळी पाहू.

१. आराखड्याच्या प्रती काढा. मूळ कागद कापू नका. झेरॉक्सचं माप मोजून पाहा, यंत्रं अनेकदा टक्काभर फरक करतात.

२. पठाण सपाट फळीवर ठेवून सरळ आहे का तपासा. इथे राहिलेला पीळ शेवटपर्यंत जात नाही.

३. आडवे साचे किंवा वांक, म्हणजे बरगड्या, काटकोनात चिकटवा. सगळे चिकटले की एक पातळ पट्टी नाळेपासून मागपर्यंत टेकवून पाहा. जिथे ती उचलली जाते किंवा आत बसते तिथे घासून किंवा भर घालून सुधारा. बाहेरच्या अंगाची सगळी रेषा यावर अवलंबून आहे. यात घालवलेला आठवडा वाया जात नाही.

४. फळ्या डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीनं बसवा. एकाच बाजूच्या चार फळ्या आधी लावल्या तर पठाण तिकडे वळतो.

५. फळीची रुंदी दोन्ही टोकांना कमी करावी लागते, कारण जहाजाचा घेर मधे मोठा आणि टोकांना लहान असतो. फळी कडेवर जबरदस्तीनं वाकवू नका. ती वर उचलली जाईल. पाण्यात भिजवून गरम इस्त्रीच्या टोकावर हळूहळू वळवा आणि वाळू द्या.

६. डेक, तोफा, सुकाणू, मग डोलकाठ्या. त्यानंतर उभे ताण, शेवटी शिडांच्या दोऱ्या. आतून बाहेर आणि खालून वर गेलात तर हात अडकत नाही.

शीड लावायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. कापडाचं विणकाम प्रमाणापेक्षा नेहमी जाड दिसतं. मला गुंडाळलेली शिडं किंवा नुसत्या काठ्याच जास्त खऱ्या वाटतात.

शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी सर्वांत चांगली शिकवणी एनसीसीच्या नौदल विभागात मिळते. तिथे जहाज-प्रतिकृतींचं प्रशिक्षण असतं आणि स्पर्धाही होतात.

काचपेटी आणि पावसाळा

बंद पेटीत प्रतिकृती सुरक्षित राहते ही समजूत अर्धीच खरी आहे. प्लायवूड, एमडीएफ आणि काही लाकडांतून आम्लाची वाफ हळूहळू निघत राहते. हवाबंद पेटीत ती साठते आणि शिशाचे नांगर, तोफा, पुतळे पांढऱ्या भुकटीत बदलू लागतात. परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांमधल्या जुन्या प्रतिकृतींनाही हा रोग लागला आहे. काच चिकटवायला वापरलेल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तेही तेच आम्ल सोडतं.

- पेटी काच किंवा अ‍ॅक्रिलिक आणि अ‍ॅल्युमिनियमची करा. सिलिकॉन 'न्यूट्रल' प्रकारचं मागा.
- तळाशी जाळी लावलेली लहान भोकं ठेवा.
- पेटीच्या आत दिवा लावू नका. खिडकीसमोर ठेवू नका.
- डांबरगोळ्या ठेवू नका. त्यांची वाफ काही प्लॅस्टिक आणि रंग मऊ करते.
- लाकडाला दमटपणापेक्षा त्यातला चढउतार जास्त जाचतो. दिवसा एसी आणि रात्री बंद, अशा खोलीपेक्षा नेहमीची हवेशीर खोली बरी.

घरात आलेली जुनी प्रतिकृती

आजोबा बोटीवर होते, त्यांना मिळालेली प्रतिकृती घरात आहे, ती काळी पडली आहे, पॉलिश करावं का? करू नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग मऊ ब्रशनं वरून खाली धूळ सोडवा. व्हॅक्यूमचं तोंड जवळ धरा, पण टेकवू नका. तेल, वॉर्निश, फर्निचर पॉलिश यांतलं काही लावलंत तर मूळ रंग कायमचा हातचा जाईल. तुटून पडलेला प्रत्येक तुकडा कागदात गुंडाळा आणि कुठून पडला ते त्यावर लिहा.

पांढरी भुकटी, लाकडाखाली पिठासारखा बारीक भुसा किंवा सुटणारा रंग दिसला तर तज्ज्ञाकडे जा. भुसा दिसताच ती वस्तू इतर लाकडी सामानापासून वेगळी करा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, 'इन्टॅक'ची संवर्धन केंद्रं काही शहरांत आहेत, आणि केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा लखनौला आहे. खर्चाचा आणि करणार असलेल्या कामाचा लेखी अंदाज घ्या. काम आधीचं आणि नंतरचं, दोन्ही फोटोंसह नोंदवून देणं ही चांगल्या संवर्धकाची साधी पद्धत आहे. ती मागायला संकोचू नका.

कायद्याच्या या गोष्टी लक्षात ठेवा :

- शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो.
- तुमची नवी प्रतिकृती जुनी दिसत असेल आणि परदेशी पाठवायची असेल तर ती पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधीच घ्या. कस्टममध्ये अडकलेलं नाजूक खोकं शाबूत परत येईलच असं नाही.
- हस्तिदंताचे भाग असलेली जुनी प्रतिकृती विकू नका, विकत घेऊ नका. वन्यजीव कायद्यानं तो व्यापार बंद आहे.
- दुसऱ्यासाठी प्रतिकृती करून दिलीत आणि वेगळा करार केला नसेल तर तिचा कॉपीराइट साधारणपणे तुमच्याकडे राहतो. नोकरीचा भाग म्हणून केली असेल तर नाही. करारात ही ओळ वाचल्याशिवाय सही करू नका. किटचा आराखडा वापरून प्रतिकृती विकायची तर आराखडा करणाऱ्याची परवानगी लागते.

किनाऱ्यावरची खरी होडी : पहिलं काम

आता दुसरा प्रश्न. मचवा वाचवायचा आहे, तर आज लगेच रंगारी किंवा सुतार बोलावू नका. आधी मापं घ्या. दुरुस्ती करताना जुना भाग निघतो आणि तो कसा होता हे सांगणारं मग कुणी राहत नाही. ब्रिटनमधल्या ऐतिहासिक जहाजांच्या राष्ट्रीय संस्थेनं काढलेल्या मार्गदर्शक पुस्तकांतही नोंदणीचं पुस्तक पहिलं आहे, जतनाचं नंतरचं. त्यांनी वेगळं पुस्तक जहाज मोडताना काय नोंदवावं यावरही काढलं, कारण प्रत्येक जहाज वाचत नाही.

पंचवीस-तीस फुटी होडीची मापं दोन माणसं एका दिवसात घेऊ शकतात. लागतं ते गवंड्याकडे असतंच : टेप, सुतळी, ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी.

१. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सुतळी ताणा. पाण्याच्या नळीनं ती समतल करा. ही तुमची आधाररेषा.

२. तिच्यावर दर मीटरला खूण करा. टोकांना अर्ध्या मीटरला, कारण तिथे आकार झपाट्यानं बदलतो.

३. प्रत्येक खुणेवरून ओळंबा सोडा. दर दहा सेंटिमीटर उंचीला ओळंब्यापासून होडीच्या अंगापर्यंतचं आडवं अंतर घ्या. आकडे ओळंब्यापाशीच लिहा, घरी जाऊन आठवून नको.

४. पठाणाचीही मापं घ्या. तो सरळच असेल असं धरू नका. वर्षानुवर्षं दोनच टेकूंवर राहिलेली होडी वाकते. ते वाकणं नंतरचं आहे, मूळचं नाही, हे वहीत नोंदवा.

५. फळ्यांची जाडी, वांकांमधलं अंतर, खिळ्यांची किंवा शिवणीची पद्धत, प्रत्येक भागाचं लाकूड. नंतर बदललेल्या फळ्या वेगळ्या रंगानं दाखवा.

६. ढगाळ दिवशी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. चौकटीत मोजपट्टी ठेवा. अशा फोटोंवरून त्रिमितीय आकृती बनवणारी 'मेशरूम'सारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत.

७. बांधणारा मिस्त्री, चालवणारा तांडेल, बरोबरचे खलाशी हयात असतील तर त्यांच्याशी बोला आणि परवानगी घेऊन आवाज टिपा. भागांची नावं तुमच्या गावात म्हणतात तशीच लिहा. पुस्तकातल्या नावानं ती बदलू नका. मापं उद्याही घेता येतील, माणसाचं तसं नाही.

ठेवायची तर कशी

चालती ठेवणं सर्वांत चांगलं. वापरातली होडी दरवर्षी ओढली जाते, तपासली जाते, तेल-रंग लावला जातो. ते शक्य नसेल तर सावलीत, वारा खेळेल अशी, पठाणाखाली जवळजवळ टेकू देऊन ठेवा. लाकडाचा खरा शत्रू पावसाचं गोडं पाणी आहे. ते साचू नये म्हणून तळाची भोकं उघडी ठेवा आणि पावसाळ्यात नीट शाकारा. इंजिन आणि तेलकट वस्तू काढून टाका.

फायबरचा थर चढवून जुनी होडी कायमची टिकते, असं सांगितलं जातं. ते करू नका. आतल्या ओलाव्याला बाहेर जायला वाट उरत नाही आणि लाकूड वरून चकचकीत राहून आतून कुजतं. तळात सिमेंट ओतणं किंवा माती भरून झाडं लावणं यानंही तेच होतं.

दुरुस्तीचं काम चालू असताना आगीची काळजी दुप्पट घ्या. लंडनचं 'कटी सार्क' हे जुनं जहाज २००७ मध्ये जतनाचं काम चालू असतानाच पेटलं. कारण निघालं चालू राहिलेला व्हॅक्यूम क्लीनर. बऱ्याच फळ्या दुरुस्तीसाठी आधीच उतरवून दुसरीकडे ठेवल्या होत्या म्हणून त्या वाचल्या.

कागदोपत्री :

- मासेमारी नौका असेल तर मत्स्यव्यवसाय विभागातली नोंदणी आणि परवाना यांचं काय करायचं ते तिथे लेखी कळवा. वापर थांबवून नोंद तशीच ठेवली तर पुढे वारसांना त्रास होतो.
- भरतीरेषेजवळ कायमची शेड घालायची तर सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागू होतात. जमीन कुणाची आहे तेही पाहा. ग्रामपंचायतीची तोंडी हमी पुरेशी नाही.
- होडी भावंडांच्या सामायिक मालकीची असेल तर सगळ्यांची लेखी संमती घ्या.
- संग्रहालयाला देत असाल तर दानपत्र करा. त्यात बांधणाऱ्या मिस्त्रीचं आणि घराण्याचं नाव लावणं, छताखाली ठेवणं, आणि संस्थेला नको झाल्यास आधी तुम्हाला विचारणं या अटी घाला. देण्यापूर्वी त्या अटी घालणं हा तुमचा हक्क आहे. दिल्यानंतर तो उरत नाही.

मोठं जहाज वाचवण्याच्या मागण्या आपल्याकडे भावनेवर सुरू होतात आणि देखभालीच्या खर्चावर थांबतात. जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईत तिचं संग्रहालय होतं, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ते बंद झालं आणि २०१४ मध्ये ती सुमारे साठ कोटींना विकली जाऊन दारूखान्यात मोडली गेली. याउलट 'कुरसुरा' पाणबुडी २००२ पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर, पाण्याबाहेर, पायावर उभी आहे आणि लोक तिकीट काढून ती पाहतात. पाण्यात ठेवलेल्या पोलादाची देखभाल कधी संपत नाही. तुमच्या गावात एखादी निवृत्त बोट स्मारक म्हणून आणायची चर्चा असेल तर सभेत पहिला प्रश्न हा विचारा : दहाव्या वर्षी तिचा रंग कोण काढणार आणि त्याचे पैसे कुठून येणार?

पाण्याखाली किंवा गाळात काही सापडलं तर

उचलू नका. शतकानुशतकं गाळात राहिलेलं लाकूड हवेत वाळलं की आक्रसून फुटतं. स्वीडनचं 'वासा' हे बुडालेलं जहाज १९६१ मध्ये वर काढल्यावर तब्बल सतरा वर्षं त्यावर मेणासारख्या रसायनाची फवारणी करावी लागली. जागेची खूण, भरती-ओहोटीची वेळ आणि फोटो घ्या, वस्तू ओली आणि झाकलेली राहू द्या, आणि जिल्हाधिकारी कार्यालय व पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचं काम चालतं, त्यांनाही कळवा. समुद्रात बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांची माहिती सरकारी अधिकाऱ्याला देणं जहाजवाहतुकीच्या कायद्यानं बंधनकारक आहे. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर १८७८ च्या निखात-निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कळवल्यानं तुमचं नाव शोधकर्ता म्हणून नोंदलं जातं. लपवलं तर गुन्हा होतो.

होडी शेवटी वाचलीच नाही, तर ती मोडायच्या दिवशी तिथे हजर राहा. फळ्या उतरताना आतल्या सांध्यांचे फोटो काढा, नाळेचा एक तुकडा आणि एक वांक जपून ठेवा, आणि वहीतल्या मापांवरून १:१० ची प्रतिकृती करा. गावच्या शाळेत किंवा वाचनालयात ती वहीसकट ठेवा. प्रतिकृतीशिवायही वहीचा उपयोग आहे, वहीशिवाय प्रतिकृतीचा फारसा नाही.

मे महिन्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. तुमच्या गावात एखादी लाकडी होडी उरली असेल तर यंदा ती शाकारायच्या आधी मालकाला विचारून एक दिवस तिच्याजवळ घालवा. मापांची एक प्रत स्वतःकडे ठेवा, एक मालकाला द्या आणि एक जिल्ह्याच्या संग्रहालयाकडे पाठवा.